इराणचा मल्ल, बसऱ्याचा मोती आणि मस्कतचा व्हिसा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आखाती देशांत कामाला गेलेल्या आपल्या भागातल्या पोरांवर दोन पानं आली होती, त्यावर प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. सुरुवात नोकरीपासून झाली आणि गाडी गुजरीतल्या मोत्यांवरनं थेट इराणच्या तालमीत गेली. सगळे प्रश्न घेता आले नाहीत. आणि ज्यांनी एका ओळीत "अरब चांगले की वाईट तेवढं सांगा" असं विचारलंय त्यांना उत्तर देणार नाही, राग मानू नका.

ताई, माझा मुलगा वेल्डर आहे, मस्कतला जायचं चाललंय. सासूबाई रडून रडून घर डोक्यावर घेतात, म्हणतात आपल्यातलं कोण कधी त्या मुलखात गेलंय. आपले लोक तिकडं कधीपासून जातात आणि कितपत सेफ आहे?
*एक आई, कसबा बावडा*

सासूबाईंना आधी एक गोष्ट सांगा. त्यांच्या तरुणपणी मस्कत, दुबई, कतार इथल्या बाजारात भाजी घ्यायची तर खिशात आपला रुपया लागायचा. खरंच. ब्रिटिशांच्या काळात आखाताचा कारभार आधी मुंबई सरकार बघायचं, मग भारत सरकार, त्यामुळं चलन आपलं आणि पोस्टाची तिकिटंपण आपलीच. येमेनमधलं एडन बंदर तर १८३९ ला इंग्रजांनी घेतलं ते पुढं जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्याला जोडलेलं होतं. स्वातंत्र्यानंतरही रुपया तिकडं चालूच राहिला, पण रुपये देऊन सोनं घ्यायचं आणि ते चोरून इकडं आणायचं हा धंदा एवढा वाढला की १९५९ ला रिझर्व्ह बँकेनं फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, नंबरच्या आधी झेड अक्षर. मग जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका झटक्यात साडेसात रुपयांना झाला, आणि तिकडच्या शेखांनी म्हटलं की बास, आता आमचं आम्ही बघतो. ओमाननं मात्र १९७० पर्यंत रुपया ठेवला.

मस्कतचं तर आणखी जुनं आहे, कच्छचे भाटिया व्यापारी तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सुलतानाच्या राजवाड्याजवळ महादेवाचं देऊळ आहे, मोतीश्वर म्हणतात. त्यामुळं सासूबाईंना म्हणावं, सोमवारी नारळ फोडायची सोय आहे तिथं.

कामगारांची लाट मात्र १९७३ नंतरची. इजिप्त-सीरिया आणि इस्रायलचं युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेलं आणि त्या पैशातनं रस्ते, बंदरं, विमानतळ, हॉस्पिटलं बांधायला घेतली, पण बांधायला माणसंच नव्हती. मग केरळची गेली, आपल्या रत्नागिरीची गेली, उशिरा घाटावरची गेली. आज एकट्या संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखाच्या वर भारतीय आहेत आणि तिथल्या दर दहा माणसांतली जवळजवळ नऊ बाहेरची. स्वतःच्याच देशात एवढे कमी असलेले लोक जगात फार कुठं सापडायचे नाहीत, तरी आपण त्यांनाच बंदिस्त समाज म्हणतो.

आता सेफचं. तिथं "कफाला" पद्धत असते, म्हणजे मालक तुमचा जामीनदार, व्हिसा त्याच्या नावावर बांधलेला. चांगला मालक मिळाला तर सोनं, वाईट मिळाला तर पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि पगार तीन-तीन महिने लटकलेला. कायदे सुधारलेत, ओमाननं २०२१ पासून कराराची मुदत संपल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली, कतारनं त्याच्या आधीच दिली, पण कागदावरचं आणि साईटवरचं यात फरक असतोच. तेव्हा एजंट सरकारकडं रजिस्टर आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा, त्याला कायद्यानं ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, लाखात मागत असेल तर तिथनंच परत फिरा. मुलगा दहावी पास नसेल तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशात कामाला जायची सरकारी परवानगी लागते, ती टाळायला कुणी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर अजिबात ऐकू नका. आणि वाईटात वाईट झालं तर? १९९० ला सद्दामनं कुवेत गिळलं तेव्हा तिथं अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानानं मुंबईला आणलंय आपण. जाऊ दे पोराला. कराराची झेरॉक्स तेवढी घरी ठेवा.

इराणी म्हणजे अरबच ना? आमच्या ग्रुपवर यावरनं दोन दिवस भांडण चाललंय.
*कॉलेजचा विद्यार्थी, राजारामपुरी*

नाही. इराण्याला अरब म्हटलं तर त्याला आवडणार नाही, आणि अरबालाही नाही. भाषा वेगळी, फारसी ही आपल्या मराठी-संस्कृतच्या दूरच्या नात्यातली, अरबी ही हिब्रूच्या. लिपी तेवढी अरबांकडनं घेतलेली. धर्म इस्लामच, पण १५०१ ला सफवी घराण्यानं शिया पंथ राज्याचा केला तेव्हापासून इराण शिया, अरब बहुतेक सुन्नी, पण इराक आणि बहरीनमधले जास्त अरब शियाच. आणि सगळे अरब मुसलमान असतात असंही नाही बरं का, इजिप्तमधले कॉप्ट आणि लेबनॉनमधले मॅरोनाइट हे ख्रिश्चन आहेत. वर इराणच्या खुझेस्तान प्रांतात अरबी बोलणारे इराणी नागरिक राहतात. म्हणजे ग्रुपवर दोन्ही बाजू थोड्या थोड्या चुकल्यात, मिटवा आता.

टाउन हॉल म्युझियममध्ये समुद्रदेवाची छोटी ब्रॉन्झची मूर्ती आहे, ती रोमन म्हणतात. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं? ती इथं आली कशी?
*एक शिक्षक, गंगावेश*

सर, तुमच्या घरापासनं चालत दहा-पंधरा मिनिटांवर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, पंचगंगेच्या काठाला, ती मूर्ती तिथली. १९४० च्या दशकात तिथं खोदकाम झालं, सातवाहन काळातली वस्ती निघाली आणि त्यात हा पोसायडन, ब्रॉन्झचा आरसा, सुरई असा परदेशी माल. पुस्तकात "रोमशी व्यापार" असं एका ओळीत लिहून मोकळे होतात, पण रोम आणि कोल्हापूर यांच्यामध्ये एक भलामोठा मुलूख आणि समुद्र होता आणि तो ज्यांना पाठ होता ते लोक म्हणजे इजिप्त, येमेन, ओमान आणि इराणच्या किनाऱ्यावरचे.

पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं प्रवासाची एक वहीच लिहून ठेवलीय, 'पेरिप्लस' नावानं ओळखतात. कुठल्या बंदरात काय विकतं, कुठं खडक आहेत, कुठला राजा त्रास देतो असं सगळं. त्यात आपलं कल्याण आहे, चौल आहे, घाटावरचं पैठण आणि तेर आहे. जुलैमध्ये इजिप्तमधनं निघायचं, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्याकडं यायचं, माल भरायचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वारं उलटं फिरलं की परत. आणि त्याच वहीत येमेनच्या मूझा बंदराबद्दल लिहिलंय की इथं अरब जहाजमालक आणि खलाशी गच्च भरलेत आणि ते स्वतःची जहाजं घेऊन भडोचशी व्यापार करतात. म्हणजे रोमन जहाजं यायच्या आधीपासनं आणि ती बंद पडल्यावरही हा रस्ता चालू ठेवणारे हे लोक. किनाऱ्यावर माल उतरला की बैलांच्या पाठीवरनं घाट चढून वर, आणि कोल्हापूर हे घाटाच्या डोक्यावरचं गाव, आजही कोकणातला माल इथंच येतो की.

पुढचं मला जास्त आवडतं. इसवी सन ९१६ च्या सुमाराला अल-मसूदी नावाचा बगदादचा फिरस्ता चौलला आला, तेव्हा इथं राष्ट्रकूटांचं राज्य होतं. तो लिहितो की चौलमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथनं आलेले, आणि त्यांतले पुष्कळ इथंच जन्मलेले. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला असायचा. ही झाली बाहेरच्या माणसाची साक्ष. घरची साक्ष पाहिजे असेल तर डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा ताम्रपट बघा. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळात संजाणचा कारभार एका अरबाकडं होता, ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, मोहम्मदचं संस्कृत रूप. या बाबानं काय केलं, तर नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, भात-कालवण-तूप देणारं अन्नछत्र काढलं आणि एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला राजाच्या परवानगीनं जमीन दिली. अकराशे वर्षांपूर्वी, आपल्याच राज्यात. मला विचाराल तर हा ताम्रपट शाळेच्या पुस्तकात पाहिजे, पण मला कोण विचारतंय.

एमपीएससीची तयारी करतोय. अरबांचं जगाच्या ज्ञानात योगदान, थोडक्यात पाहिजे.
*एक परीक्षार्थी, शाहूपुरी*

घ्या थोडक्यात. ७७० च्या दशकात सिंधकडनं एक पंडित बगदादला गेला, खलिफा अल-मन्सूरच्या दरबारात, त्याच्याबरोबरच्या खगोलाच्या ग्रंथाचं अरबी भाषांतर झालं, मुळाशी ब्रह्मगुप्ताचं गणित. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीनं, जो स्वतः मध्य आशियातला, आपल्या अंकांवर आणि बीजगणितावर पुस्तकं लिहिली. १२०२ ला इटलीतल्या पिसाच्या फिबोनाचीनं तेच अंक युरोपला समजावले, तो पोरवयात अल्जीरियाच्या बुजी बंदरात बापाबरोबर राहून शिकला होता. वैद्यकात इब्न सीना, जन्म बुखाराजवळचा, घराणं इराणी, पुस्तक अरबीत, आणि युरोपातल्या कॉलेजांत ते पाचशे वर्षं चाललं. लक्षात घ्या, "अरबांचं" म्हणतात त्यातले निम्मे लोक इराणी किंवा मध्य आशियातले असतात, अरबी ही तेव्हाची इंग्लिश होती एवढंच. हे वाक्य टाकलं तर तपासणारा खूश होईल.

ताई, यात्रेच्या मैदानात पोस्टरवर "इराणचा मल्ल" असं दिसलं की गर्दी डबल. ते एवढे तगडे कसे? आणि आपल्या कुस्तीचं आणि त्यांचं काही नातं आहे काय?
*एक वस्ताद, मंगळवार पेठ*

वस्ताद, या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

नातं आहे, आणि जवळचं आहे. इराणात आपल्या तालमीसारखं झूरखाना असतं. आत जमिनीपेक्षा खोल असा आठ कोपऱ्यांचा हौद, त्याला गौद म्हणतात. पैलवान त्यात उतरतात, लाकडी मील फिरवतात, आपली जोडी फिरवायची तसेच, ढालीएवढ्या जड फळ्या आडवं पडून उचलतात, साखळ्या लावलेलं लोखंडी धनुष्य डोक्यावर हलवतात, गोल गोल गिरक्या घेतात. वर एका ओट्यावर मुर्शिद बसलेला असतो, तो ढोलासारखं वाद्य वाजवत फिर्दौसी या इराणी कवीच्या शाहनामा या महाकाव्यातल्या ओळी आणि अलीची स्तुती म्हणतो, आणि त्याच्या ठेक्यावर सगळा व्यायाम. आपल्याकडं हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही ना, तसंच. २०१० ला युनेस्कोनं याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मोगलांच्या आणि दख्खनच्या दरबारांत इराणी-तुराणी पैलवान यायचे, इथल्या मल्लयुद्धाशी त्यांच्या डावपेचांची सरमिसळ झाली आणि त्यातनं आपण आज जी खेळतो ती कुस्ती तयार झाली.

आता खाशाबांचं. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हातभार लावला, आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उतरले आणि ऑस्ट्रेलियाच्या, मग अमेरिकेच्या पैलवानाला पाडलं. त्यांना अडवला कुणी, तर इराणच्या मन्सूर रईसीनं. सहावा नंबर आला. १९५२ ला हेलसिंकीला खाशाबांनी ब्रॉन्झ आणलं ते सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, पण त्याच हेलसिंकीत इराणच्या एका तरण्या पोरानं सिल्व्हर घेतलं ते फार कुणाला माहीत नसतं. गुलामरझा तख्ती. पुढं १९५६ ला मेलबर्नला गोल्ड, १९६० ला रोमला परत सिल्व्हर.

तख्ती इराणमध्ये देवासारखा, आणि ते मेडलांमुळं नाही. सांगतात की सोव्हिएत संघाच्या मेदवेदबरोबर कुस्ती होती, त्याचा एक गुडघा दुखावलेला आहे हे तख्तीला कळलं तर पूर्ण लढतीत त्यानं त्या पायाला हात लावला नाही, आणि हरला. १९६२ ला बुईन झहराला मोठा भूकंप झाला, बारा हजारांवर माणसं गेली, तर हा गडी तेहरानच्या रस्त्यावर उतरून मदत गोळा करत फिरला आणि लोकांनी अंगावरचे कोट काढून दिले. इराणचा राजा म्हणजे शाह, त्याच्या विरोधातल्या माजी पंतप्रधान मोसादेगच्या पक्षाचा माणूस, त्यामुळं सरकारला खुपायचा. जानेवारी १९६८ मध्ये तेहरानच्या एका हॉटेलात मेलेला सापडला, वय ३७, सरकार म्हणालं आत्महत्या, लोकांनी आजपर्यंत विश्वास ठेवला नाही.

आणि बाहेरच्या जगाशी संबंध म्हणाल तर इराण आणि अमेरिका यांचं बोलणं बंद असताना दार किलकिलं केलं ते कुस्तीनं. १९७९ ची शाहाला घालवणारी क्रांती, मग अमेरिकन वकिलातीतली माणसं ४४४ दिवस ओलीस, सगळं तुटलेलं. आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेचे पैलवान तेहरानला तख्तीच्याच नावाच्या स्पर्धेत आले, क्रांतीनंतर आलेली ती पहिली अमेरिकन टीम, आणि स्टेडियममधल्या लोकांनी त्यांना टाळ्या वाजवल्या. २०१३ ला ऑलिंपिकमधनं कुस्तीच काढून टाकायचं चाललं होतं तेव्हा अमेरिका, इराण आणि रशियाचे मल्ल न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात मॅट टाकून एकत्र खेळले, कुस्ती वाचवा म्हणून. वाचली.

कौतुकच करत बसणार नाही. इराणचं सरकार आपल्या खेळाडूंना इस्रायलच्या खेळाडूंशी लढू देत नाही, २०१७ ला अलीरझा करीमी जिंकत असलेली कुस्ती मुद्दाम हरला, कारण पुढच्या फेरीत इस्रायली येणार होता, आणि वर बंदी त्यालाच. सप्टेंबर २०२० मध्ये नवीद अफकारी या पैलवानाला फाशी दिली, तो सरकारविरोधी मोर्चात होता, जगभरच्या खेळाडूंनी सोडा म्हणून विनवलं, ऐकलं नाही.

तगडे का, तर वस्ताद, तुम्हाला मी काय सांगणार? माझंदरानसारख्या भागात गावोगाव पोरं लहानपणापासनं मॅटवर असतात, आपण अजून मातीवरनं मॅटवर यायचं का यावर वाद घालतोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर १९७० च्या इराणच्या स्कर्टमधल्या बायकांचे फोटो येतात, "बघा काय होतं आणि काय झालं". एवढा मॉडर्न देश मागं कसा गेला?
*गृहिणी, ताराबाई पार्क*

फोटो खरे आहेत, पण ते उत्तर तेहरानचे. खेड्यातल्या बाईचा फोटो कुणी काढलाच नाही. १९७६ ला इराणमध्ये शंभर बायकांतल्या ३५ च्या आसपास साक्षर होत्या, आज हा आकडा ८० च्या वर आहे, आणि ही वाढ हिजाब सक्तीच्या राज्यात झालीय. गोंधळात टाकणारं आहे, पण असंच आहे.

थोडं मागनं सांगते. १९०६ ला इराणी लोकांनी मोर्चे काढून, संप करून राजाकडनं राज्यघटना आणि संसद मिळवली, आपल्याकडं तेव्हा स्वराज्याची मागणी नुकती सुरू होत होती. दोन वर्षांत मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं आणि तिथनं नशीब फिरलं म्हणा. इंग्रजांची कंपनी तेल नेणार, इराणला चिल्लर देणार. १९५१ ला पंतप्रधान मोसादेगनं तेल देशाचं केलं, ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून त्याला पाडला आणि शाहाला पक्कं बसवलं. शाहाच्या बापानं १९३६ ला बुरखा घालायलाच बंदी केली होती, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं ओढून काढायचे, कित्येक जणी घराबाहेरच पडेनात. आणि १९७९ नंतर उलटं, घातलं नाही म्हणून पोलीस पकडणार. म्हणजे दोन्ही वेळा बाईला काय पाहिजे ते कुणी विचारलं नाही, राज्य बदललं की तिच्या डोक्यावरनं फडकं काढायचं नाहीतर घालायचं.

बाहेरच्यांनी ढवळाढवळ केली हे खरंच आहे, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडलं की आतले राज्यकर्ते सुटतात. २०२२ ला हिजाबवरनं पकडलेली महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना दगावली तेव्हा ज्या पोरी रस्त्यावर आल्या त्यांना अमेरिकेनं पाठवलं नव्हतं. शिरीन इबादींना २००३ ला शांततेचं नोबेल, नर्गिस मोहम्मदींना २०२३ ला, तेही तुरुंगात असताना. असल्या बायका जिथं तयार होतात त्या देशाला मागं गेलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही, सरकार मागं गेलं म्हणा हवं तर.

होर्मुझ बंद झालं की आपलं पेट्रोल का महागतं?
*रिक्षाचालक, सीबीएस स्टँड*

कारण इराण आणि ओमानमधली ती समुद्राची चिंचोळी पट्टी सगळ्यात अरुंद ठिकाणी ३३ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथनं जयसिंगपूरपेक्षाही कमी, आणि जगात लागणाऱ्या तेलातला साधारण पाचवा हिस्सा त्यातनं जातो. सौदी, इराक, कुवेत, अमिरात, सगळ्यांची मुख्य वाट तीच. बंद व्हायचीपण गरज नाही, नुसतं कुणी धमकी दिली तरी विमा वाढतो, विमा वाढला की भाडं, भाडं वाढलं की तुमचं मीटर.

आजेसासूबाईंची नथ आहे, बसरा मोत्यांची. सराफ म्हणतो आता असे मोती मिळत नाहीत. खरं आहे का? विकावी का?
*एक वाचक, महाद्वार रोड*

विकू नका, निदान घाईत नको. हे मोती बहुतेक बहरीनच्या आसपासच्या समुद्रातले, बसरा हे बाजाराचं बंदर. उन्हाळ्यात चार महिने होड्या समुद्रात, पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचा आणि श्वास संपत आला की दोरी हलवायची, वरचा गडी ओढून घेणार. दिवसात पन्नास-पन्नास वेळा. कान फुटायचे, डोळे जायचे, आणि नाखव्याचं कर्ज एवढं की बाप मेला तर पोरानं फेडायचं. हा सगळा माल मुंबईला, तिथं निवडायचा, भोकं पाडायची आणि तिथनं अर्धा आपल्या नथींत आणि अर्धा पॅरिसला. १९१२ ला तर पॅरिसच्या कार्तिए या दागिन्यांच्या कंपनीतल्या भावांपैकी एक जण स्वतः बहरीनला जाऊन आला होता मोत्यांसाठी.

मग जपानच्या मिकिमोतोनं शिंपल्यात मणी घालून गोल मोती पिकवायचं तंत्र बाजारात आणलं, १९२९ ला जगभर मंदी आली आणि आखातातली गावंच्या गावं उपाशी पडली. बहरीनला १९३२ ला तेल सापडलं म्हणून तरले. तेव्हा सराफ खरं बोलतोय. नथीतले मोती अस्सल आहेत का ते एक्स-रेवर कळतं, लॅबमध्ये तपासून घ्या, दुकानात दाताला घासून बघणाऱ्याचं ऐकू नका.

परकीय अरब-इराणी आक्रमकांचं एवढं कौतुक कशासाठी? शिवरायांच्या भूमीत राहता ना?
*सही नाही*

राहते, आणि म्हणूनच विशाळगडाचं सांगते. पंधराव्या शतकाच्या मध्याला बहमनी सुलतानाचा सेनापती खलफ हसन बसरी, नावातच बसरा, कोकण जिंकायला आला. शिर्क्यांनी त्याला वाट दाखवतो म्हणून गर्द जंगलात नेलं आणि खेळण्याच्या मोऱ्यांच्या मदतीनं फौजेसकट बुडवलं. खेळणा म्हणजेच विशाळगड. वाचलेले परदेशी सरदार चाकणला पोचले तर त्यांना तिथं कुणी मारलं? सुलतानाच्याच दख्खनी मुसलमान सरदारांनी. दख्खनी विरुद्ध बाहेरचे इराणी-अरब हे भांडण एवढं विकोपाला गेलेलं. पुढं इराणमधल्या गिलानचा महमूद गवान आला, त्यानं खेळणा घेतला, बिदरला मोठा मदरसा बांधला आणि १४८१ ला त्याचंही डोकं याच भांडणात खोट्या पत्रावर उडालं.

आक्रमण होतं तिथं आक्रमणच म्हणायचं, त्यात मी काही झाकत नाही. पण महाराजांचीच माणसं राजापूर-जैतापूरकडनं येमेनच्या मोख्याला जहाजं पाठवत होती हे इंग्रजांच्या कागदांत आहे. औरंगजेबाला शिवाजी आवरत नाही म्हणून टोमणा मारणारं पत्र लिहिणारा इराणचा शाह दुसरा अब्बास, तोही मुसलमानच. आणि १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी जवळपास महिनाभर लढले ते अरब शिपाई होते. पुढच्या वेळी सही करा.

मुलगी इतिहासात एम. ए. करतेय, म्हणते फारसी शिकते. घरचे हसतात. स्कोप आहे का?
*वडील, गडहिंग्लज*

हसू नका, आहे. आदिलशाहीची फर्मानं, पत्रं, महजर, पन्हाळ्याच्या तीन दरवाजावरचा लेख, हे सगळं फारसीत. आपल्याकडं मोडी वाचणारे तरी तयार होतायत, फारसी वाचणारा इतिहासाचा माणूस पश्चिम महाराष्ट्रात शोधावा लागतो. ग. ह. खऱ्यांनी पुण्यात बसून फर्मानांचं मराठी केलं, सेतुमाधवराव पगडींनी मोगलांचे कागद मराठीत आणले, त्याच शिदोरीवर आपण अजून चाललोय. नव्या शैक्षणिक धोरणात अभिजात भाषांच्या यादीत फारसी घेतलीय, मुंबई विद्यापीठात विभाग आहे, मुंबईतच कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये हस्तलिखितं आहेत. आधी सहा महिने ऑनलाइन लिपी आणि व्याकरण करू दे, बरोबर मोडी पण, कारण कितीतरी कागदांवर वर फारसी आणि खाली मोडी असतं आणि दोन्ही येणाऱ्यालाच तो कागद पूर्ण लागतो. बक्कळ पगाराची नोकरी लगेच मिळेल असं सांगत नाही, पण कामाला मरण नाही.